दाजींना पुरावा लागतो

कोल्हापुरात एखाद्याला बरं वाटलं, तर ते नेमकं कशानं वाटलं याची चौकशी संपेपर्यंत त्याला बरं वाटू न देणारा एकच माणूस आहे, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची अक्का, ही त्यांची पत्नी. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला लग्नाच्या मांडवात ‘पावणं’ म्हणाले, ते आजतागायत पावणंच म्हणतात. दाजींची सगळी नोकरी वैद्यकीय महाविद्यालयात गेली. ते डॉक्टर आहेत, पण नाडी धरणारे नव्हेत. कुठलं औषध खरोखर लागू पडतं हे कसं ठरवायचं, एवढंच त्यांनी जन्मभर शिकवलं. त्यामुळे मंगळवार पेठेतल्या त्यांच्या गल्लीत ताप आलेला माणूस त्यांच्या दारावरून सरळ पुढे जातो आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात शिरतो. तो बरा होऊन परत येताना मात्र दाजी त्याला अडवतात.

एकदा मी माझ्या चुलतभावाला घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. भाऊ खुशीत होता. सर्दीनं डोकं उठलं होतं, घरी पांढरा रस्सा केला, दोन वाट्या मारल्या आणि सकाळी नाक मोकळं, असं तो हातवारे करून सांगत होता. दाजींनी चष्मा कपाळावर सरकवला. “सर्दी किती दिस होती?” भाऊ म्हणाला, “आठवडा झालता.” “मग ती जायलाच निघालती की! रस्सा नसता प्यालासा तरी गेलीच असती. रस्सा न प्यालेल्या सर्दीवाल्यांचं काय झालं, ते सांगा.” भावानं प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाला, “दाजी, रस्सा न पिणारा माणूस कोल्हापुरात मला गावंना.” दुसरा कोणी असता तर इथं हसून विषय संपवला असता. दाजी उलट पुढे सरसावून बसले. सर्दीची शंभर माणसं गोळा करायची, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना खरा रस्सा द्यायचा, निम्म्यांना खोटा, आणि कुणाला कुठला दिला हे वाढणाऱ्यालासुद्धा कळू द्यायचं नाही, असा त्यांचा बेत होता. फक्त एकच अडचण होती. “रश्श्यासारखा दिसणारा, पण रस्सा नसलेला रस्सा आणायचा कुठनं?” स्वयंपाकघरातून अक्काचा आवाज आला, “तुमच्या बहिणीकडं मिळंल की.” तो अभ्यास घरातल्या शांततेसाठी तिथंच रद्द झाला.

रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्या मंडळींत तर त्यांचा दराराच आहे. तिथं एका बाकावर निवृत्त लोकांचा अड्डा जमतो. त्यातले एक गृहस्थ छाती फुगवून म्हणाले, “बघा, इथं रोज चालणारा एकबी माणूस आजारी न्हाय!” सगळ्यांनी माना डोलावल्या. दाजी म्हणाले, “आजारी हाय तो घरी झोपलाय. ज्याचं गुडघं गेलं, ज्याला दम लागतो, तो इथं येतोयच कुठं? चालण्यानं तब्येत चांगली झाली, का चांगल्या तब्येतीची माणसंच चालायला आली, हे आधी ठरवा.” त्या दिवशी अड्डा लवकर मोडला. गंमत म्हणजे स्वतः दाजी रोज नेमानं चालतात. त्याबद्दल विचारलं तर म्हणतात, “चालण्याचा पुरावा चांगला हाय. ह्या लोकांचं कारण चुकीचं हाय.” माणूस योग्य गोष्ट चुकीच्या कारणासाठी करत असला तरी त्यांना चैन पडत नाही. जयसिंगपूरला एका लग्नात मुलीचे वडील कौतुकानं म्हणाले, पत्रिका छान जुळल्या. दाजींनी विचारलं, “न जुळवता लावलेल्या लग्नांचा गट कुठं हाय? त्यांचं काय झालं ते बघितलंसा?” मुलीच्या वडिलांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “पावणं, तुमी आधी जेवून घ्या.”

त्यांच्या मनात पुराव्याच्या पायऱ्या आहेत आणि ते कुणालाही त्याच्या पायरीवर नेऊन बसवतात. ‘मला गुण आला’ म्हणणारा एकटा माणूस सगळ्यांत खाली. नामवंत डॉक्टरांचं नुसतं मत असलं तर त्यांनीही त्याच्याच शेजारी बसायचं. त्याच्या वर आजारी माणसं आणि धडधाकट माणसं गाठून, तुम्ही पूर्वी काय खात-पित होता, असं विचारणारे अभ्यास. पण आजारी माणूस मागचं जास्त उकरून आठवतो, म्हणून दाजींचा त्यांच्यावर पुरता भरवसा नाही. त्याच्या वर एखादा मोठा गट धरून वर्षानुवर्षं त्यांचं काय होतं ते पाहणारे. त्याहून वर चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना औषध देणारे. आणि सगळ्यांत वर, असे सगळे चांगले अभ्यास गोळा करून, तांदळातले खडे काढावेत तसे वाईट बाजूला काढून, उरलेल्यांचा एकत्र हिशेब मांडणारे. चिठ्ठीवर मात्र त्यांचं विशेष प्रेम. “डॉक्टरला निवडू दिलं,” ते म्हणायचे, “की तो धट्ट्याकट्ट्याला नवं औषध देणार आणि खंगलेल्याला जुनं. मग नवं औषध गाजणार. चिठ्ठीला ओळख न्हाय, पाळख न्हाय. चिठ्ठीएवढं निर्मळ ह्या जगात काय न्हाय, पावणं.”

हे सगळं आम्ही हसत ऐकायचो. मग अक्काच्या छातीत गाठ निघाली.

ऑपरेशन झालं. सलाईनमधून औषधं झाली. अक्काचे केस गेले, तेव्हा तिनं डोक्याला रुमाल बांधला आणि शेजारणीला म्हणाली, “तेलाचा खर्च वाचला.” घरात सल्ल्यांचा पूर आला. कुणी काढा आणला, कुणी गोमूत्राची बाटली, कुणी सांगलीकडच्या एका बाबाचा पत्ता. आता दाजी एकेकाला सोलून काढणार, असं आम्हाला वाटलं. पण दाजी नुसते “बरं, बरं” म्हणत बाटल्या खिडकीत ठेवत गेले. अक्काला त्यातलं काही दिलं नाही त्यांनी, पण आणणाऱ्याला प्रश्नही विचारला नाही. मला त्या शांततेची भीती वाटली.

औषधं संपत आली तेव्हा रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी दोघांना बोलावलं. मी गाडी चालवायला म्हणून सोबत होतो. बाई तरुण होत्या आणि समजावून सांगायची त्यांची हातोटी चांगली होती. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच मिळतील, त्यात काही कमी होणार नाही. त्यावर एक नवी गोळी आहे, तिनं आजार परत येणं थांबतं का ते पाहायचंय. निम्म्या बायकांना ती मिळेल, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कुणाला कुठली, हे चिठ्ठीनं ठरेल. नको वाटलं तर नाही म्हणा, मधेच सोडलंत तरी चालेल, उपचारात फरक पडणार नाही. दाजींनी आयुष्यभर जे शिकवलं, त्यातला शब्दन् शब्द त्या बोलत होत्या. मी दाजींकडे पाहिलं. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. बाईंचं बोलणं संपल्यावर ते म्हणाले, “पण हिला खरीच मिळंल न्हवं?”

बाई हळू म्हणाल्या, “सर, ते मलाही कळणार नाही.”

अक्कानं हात पुढे केला. “आणा इकडं. सही कुठं करायची?” दाजी म्हणाले, “अगं, विचार तरी कर.” “तुमी जन्मभर दुसऱ्यांच्या बायकांच्या चिठ्ठ्या टाकायला शिकवलासा,” अक्का म्हणाली. “तवा विचार केलासाच की. आता माझी टाका.” आणि तिनं सही केली. घराजवळ आल्यावर दाजी माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, “पावणं, तुमच्या ओळखीचं कोण हाय का हो तिथं? नुसतं कळलं तरी बास.” माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं, आणि असतं तरी त्यालाही कळायची सोय नव्हती, हे त्यांनीच मला पूर्वी दहा वेळा समजावून सांगितलं होतं.

गोळ्या सुरू झाल्या. दाजी त्या उजेडात धरून बघू लागले. एकदा अक्का अंघोळीहून बाहेर आली तर दाजी खिडकीशी उभे राहून जीभ बाहेर काढून गोळीला लावत होते. “काय करालायसा?” “काय न्हाय.” “गोळी चाटालायसा व्हय?” अक्कानं ती त्यांच्या हातातून घेतली, पाण्यानं धुतली आणि गिळून टाकली. पुढच्या आठवड्यात तिला मळमळायला लागलं, तर दाजी आनंदानं माझ्याकडे धावत आले. “मळमळालंय तिला! म्हंजे खरी हाय!” असा एका मळमळीवरून निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांनी वर्गाबाहेर काढलं असतं. पेढे आणायचे तेवढे बाकी ठेवले होते त्यांनी.

त्याच सुमारास हुपरीहून एक बाई भेटायला आल्या. अक्काच्या लांबच्या नात्यातल्या. घरी पैंजणं घडवण्याचं काम चालतं. त्यांना हाच आजार पुष्कळ वर्षांपूर्वी होऊन गेला होता आणि त्या ठणठणीत होत्या. आवाज एवढा मोठा की गल्लीतल्या लोकांनाही त्यांची प्रकृती कळावी. कुठलं औषध घेतलं ते त्यांना धड आठवत नव्हतं. “डाक्टरनं दिलं ते खाल्लं बघा, आन् पैंजणांच्या कड्या जोडत बसले. वर बघायला सवड न्हवती.” दाजींच्या हिशेबानं सगळ्यांत खालची पायरी. पण दाजी पाट ओढून त्यांच्यासमोर बसले. कधी झालं होतं? त्यावेळी वजन किती उतरलं होतं? मग परत भूक कधी लागली? बाई सांगत होत्या आणि दाजी “आणि मग? सांगा की” म्हणत होते. चहा झाला, पोहे झाले, परत चहा झाला. त्यांची एसटी चुकली तेव्हा दाजींना कुठं तरी बरंच वाटलं असावं, कारण ते स्वतः पुढच्या गाडीपर्यंत त्यांच्यासोबत थांबले. परत येताना मला म्हणाले, “एक केस म्हंजे पुरावा न्हवं, मला ठावं हाय, पावणं. पण ती माझ्यासमोर बसून पोहे खात हुती.”

वर्षं गेली. अक्काचे केस परत आले, आधीपेक्षा दाट आणि कुरळे. तपासण्या चांगल्या येत गेल्या. गोळ्यांचा काळ संपला, अभ्यास मात्र दूरवरच्या अनेक शहरांत चालूच होता. यंदा दिवाळीनंतर डॉक्टरबाईंनी बोलावलं. निकाल लागला होता. नव्या गोळीचा काही उपयोग नव्हता. ती घेतलेल्या बायका आणि न घेतलेल्या बायका, दोन्ही गटांत आजार परत येण्याचं प्रमाण सारखंच निघालं. उलट खरी गोळी घेणाऱ्यांना थकवा आणि पोटाचा त्रास जास्त झाला होता. आणि अक्काच्या वाट्याला कुठली आली होती, तेही आता सांगता येत होतं. बिनऔषधाची.

संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे होतो. अक्का भाजी निवडत बसली होती. “म्हंजे एवढी वर्षं मी घड्याळ बघून बघून पीठ खाल्लं?” ती म्हणाली. “आन् मळमळ कशाची हुती मग?” दाजींनी खाली बघितलं. मग म्हणाले, “ते पीठ कुणीतरी खाल्लं, म्हणून तर कळलं, दुसऱ्या गोळीत काय दम न्हवता. आता फुडच्या बायकांस्नी ती गिळायला लागणार न्हाय.” हे ते फार हळू म्हणाले. वर्गात म्हणत असतील तसं नाही. अक्कानं मेथीची जुडी सोडली आणि पानं खुडत राहिली.

“बाकीच्या कुठल्या कुठल्या असतील हो?” तिनं विचारलं.

“नावं कळत न्हाईत. हजारभर तरी असतील.”

“हजारभर,” अक्का म्हणाली. ज्या माणसानं आयुष्यात आकड्यापलीकडे कधी पाहिलं नव्हतं, तो माणूस त्या आकड्यापाशी थांबला होता. दाजींनी तिच्यासमोरची निम्मी जुडी स्वतःकडे ओढली आणि नीट न जमणाऱ्या हातांनी पानं खुडू लागले. “एखादी आत्ता भाकऱ्या थापत असंल,” ते म्हणाले. “एखादी नातवाला शाळंतनं आणायला गेली असंल.”

“आन् एखादी नसंल,” अक्का म्हणाली.

“व्हय,” दाजी म्हणाले. “एखादी नसंल.”

बाहेर गल्लीत दिवे लागले होते. अक्का उठली, देवापाशी समई लावली, आणि मग कुणाला काही न सांगता शेजारी आणखी एक निरांजन लावून ठेवलं. दाजींनी ते पाहिलं. कशासाठी, असं त्यांनी विचारलं नाही.