पोळ्याची परवानगी

उमाटे डॉक्टर जनावर तपासायला आले की आधी बॅग खाली ठेवून नुसते उभे राहत. गाय त्यांचा हात हुंगायची, मान हलवायची, मग कुठे ते सुई काढत. मालकाने घाई केली की म्हणत, "थांब ना बे. आपण तिच्या दारात आलो, ती आपल्या नाई. पाहू दे तिले कोण आला तं." आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावच्या ढोरांच्या दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली परिचर होतो. या थांबण्यापायी आमचं जेवण रोज हुकायचं आणि मी मनातल्या मनात चरफडायचो.

त्यांचं गाव केळझरजवळचं. लहानपणी घरची गवळाऊ जातीची गाय पोट फुगून त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. "जाड सुई खुपसून हवा काढली असती तं वाचली असती," ते सांगत. "बाबा तिच्या पोटाले तेल चोळत राह्यले, मी मान धरून होतो. तवाच ठरवलं, ढोराचाच डॉक्टर व्हाचं." सासुरवाडीला त्यांची 'ढोरडॉक्टर' म्हणून थट्टा चाले. त्यांना त्यात मान वाटे.

ढोरांच्या अंगावर गाठी उठवणाऱ्या लम्पीच्या साथीत पोळा भरवू नये, असा आदेश आला. गावाला ते पटेना. खांदशेकणीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्याने शेकतात तेव्हा, मंडळी दवाखान्यात आली. सगळ्यांत पुढे मी! माझ्या जोडीच्या नव्या झुली शिवून तयार होत्या.

"साहेब, वर्साचा एकच दिवस असते बैलाचा. घंटाभर तोरणाखाली उभे करू," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून डॉक्टरांनी गावातला प्रत्येक बैल स्वतः चाचपला. ताप नाही, गाठ नाही. "बारा महिने राबते बिचारा," ते म्हणाले, "मिरवू द्या."

तोरण तुटलं, पोळा झकास फुटला. आठवडा उलटला आणि एका बैलाच्या अंगावर गाठी उठल्या, मग दुसऱ्याच्या, मग माझ्या जोडीतल्या धाकट्याच्या. डॉक्टरांनी जिवाचं रान केलं, तरी बैल मरत गेले. प्रत्येक खड्ड्याशी ते उभे राहत आणि लोक उलट त्यांनाच धीर देत, "तुमचा काय दोष, साहेब!" ते ऐकलं की त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडे. परवानगी आपणच दिली, असं त्यांनी वर लिहून कळवलं. माझं नाव त्यात नव्हतं. मीही गप्प बसलो, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

निवृत्तीनंतर ते गावी परतले. मागच्या महिन्यात भेटायला गेलो, तर घरात साधं मांजरही नव्हतं. चहा होतो न होतो तोच शेजारचा पुरुषोत्तम धावत आला. त्याची गाय अडली होती.

"काका, चला ना! वासराचा पाय आडवा आला."

"सेलूच्या दवाखान्याले फोन कर."

"केला. डॉक्टरले याले दोन घंटे लागते म्हणते."

"मले आता जमत नाई, बाबू."

तो तसाच उलट्या पावली पळाला. भिंतीपलीकडून गाय हंबरत होती. मला राहवलं नाही.

"साहेब, तवा मीच तुमाले गयावया केली. पाप माझं हाये."

"नाई, गजानन. तुले झुली दिसत होत्या. गाठी उठाच्या आधी बैल ठणठणीत दिसते, हे मले माहीत होतं."

थोड्या वेळाने हंबरणं थांबलं. गाय सुटली की गेली, हे पाहायला आम्ही दोघंही उठलो नाही.