तुळजाचा आवाज कुणाकडे आहे?

तुळजाच्या तेराव्याला दिघाशीला गेलो, तेव्हा जेवणं झाल्यावर पडवीत बसून सगळे एकच बोलत होते. "काय गळा होता गो!" मीही म्हणाले. कुणी नवीन माणूस आलं की पुन्हा म्हणाले.

शाळेतले आम्ही तिघंच होतो. मी, बकुळा आणि दौलत. भिवंडीच्या हायस्कूलमध्ये दहावीपर्यंत आम्ही आणि तुळजा एका वर्गात. पुढे बकुळा बँकेत लागली, दौलतच्या पूर्णा गावातल्या जमिनीवर गोदामं उभी राहिली, मी कोन गावात लग्न करून आले आणि रस्त्यालगतच्या जागेच्या कृपेने बंगलेवाली झाले. तुळजा गणितात आपटली आणि दिघाशीच्या टेम्पोवाल्याला दिली गेली.

तिची आई ठकुबाई धवलारीण. आमच्याकडे धवलारणीने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायल्याशिवाय हळद लागत नाही, मग घर कितीही मोठं असो. शाळेत मात्र आम्हाला त्याची भारी गंमत. मधल्या सुट्टीत दौलत डबा वाजवून तिला चिडवायचा, "गा गो, लाव माझी हळद." एकदा तुळजा खरंच उठली. तिने दौलतचं लग्न शिपाईकाकांच्या म्हशीशी लावून दिलं. मानपान, रुसवेफुगवे, पाठवणी, सगळं चालीत. वर्ग लोळला. दौलत पुन्हा तिच्या वाटेला गेला नाही.

ठकुबाई गेल्यावर तुळजा धवलारीण झाली. "पोरी शिकाया येत न्हाईत, मंग कोन गानार? मीच," म्हणाली. तिला माइक चालत नसे. "देव काय बहिरा हाय?" म्हणायची. आणि एक नियम तिने आईकडून घेतला होता. हाती घेतलेलं गाणं अर्धं सोडायचं नाही. दिवे जावोत, पोरं रडोत, भटजी घाई करो, तुळजा शेवटच्या ओळीपर्यंत जायची आणि मगच पाणी मागायची.

तर त्या पडवीत तिची मुलगी उन्नती चहाचा ट्रे घेऊन आली आणि आमच्यापाशीच बसली. पोरगी गोदामात बिलिंगला आहे, तिचं लग्न ठरलेलं. वर्षाच्या आत उरकायचं असं घरच्यांनी ठरवलं होतं.

"मावशी, आईचा आवाज हाय का तुमच्याकडं?" तिने विचारलं. "माझ्याकडं एक पन न्हाय. घरातल्या मानसाचं कोन रेकॉर्डिंग करतंय? पन तुमच्या सगल्यांच्या घरी ती गायलीय ना. मना माझ्या हलदीला तिचाच आवाज पाहिजे."

"अगं, हे काय विचारणं झालं? ढिगाने आहे," मी म्हणाले. दौलतही म्हणाला, "आमच्या मनालीच्या लग्नाचा चार तासांचा व्हिडिओ हाय!"

पुढच्या रविवारी माझ्या हॉलमध्ये मोठ्या टीव्हीवर आम्ही तो व्हिडिओ लावला. हळदीत तुळजा होती. हिरवं लुगडं, डोळे मिटलेले, ओठ हलतायत. आणि वर सिनेमाचं गाणं. व्हिडिओवाल्याने सगळ्या हळदीवर एकच गाणं टाकलं होतं. माझ्या पुतणीच्या लग्नात तेच. माझ्या देवेशच्या लग्नाच्या व्हिडिओत तर तुळजा दिसली तेवढ्यात कॅमेरा ड्रोनवर गेला आणि मंडपाचं छप्पर दिसू लागलं. दौलत रिमोट दाबत राहिला. इतक्या लग्नांत गायलेली बाई, आणि प्रत्येक ठिकाणी मुकी. आम्ही तिला बिदागी दिली, साडी दिली, तिच्याबरोबर फोटो काढले. ऐकलं मात्र कुणीच नव्हतं. मला तिथे बसवेना.

शेवटी देवेशला त्याच्या जुन्या फोनमध्ये एक क्लिप सापडली. त्याच्याच हळदीची, कुणीतरी सहज काढलेली. तुळजाचा आवाज आला आणि बकुळाने तोंडावर हात ठेवला. स्वच्छ, जरासा खरखरीत, घाई नसलेला. दोन कडवी झाली, तिसरं सुरू झालं, आणि एक बाई ओरडली, "अगो तुळजा, बास कर आता तुझं रडगाणं! पोरं ताटकळलीत. लाव रे डीजे!"

ती बाई मी.

गाणं थांबलं. मग तुळजा हसली आणि म्हणाली, "बरं गो बाय. तुझ्या पोराची हलद हाय." पुढे डीजेचा दणका, आणि क्लिप संपली.

मला आठवतही नव्हतं हो. तेच जास्त लागलं. भांडून बोलले असते तर निदान लक्षात राहिलं असतं. मी ते पंख्याचं बटण बंद करावं तसं बोलले होते.

"पुढचं मला माहीत आहे," बकुळा म्हणाली. तिच्या घरी धवले नसतात, ते बौद्ध. देवेशच्या हळदीला ती पाहुणी म्हणून आली होती. "मी मागे पाण्याच्या टाकीपाशी हात धूत होते. तुळजा आली आणि टाकीकडे तोंड करून उरलेलं गाणं म्हणू लागली. मी म्हटलं, इथे कोण ऐकतंय? तर म्हणाली, अर्धं सोडलं तर पोराच्या संसाराला बरं न्हाय. पूर्ण म्हणून झाल्यावर नळालाच तोंड लावून पाणी प्यायली."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू नाचत होतीस, निशा."

मी काय केलं असेल? देवेशला सांगितलं, माझा आवाज काप. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कापला. दोन कडवी आणि तिसऱ्याचा तुकडा उन्नतीला पाठवून दिला. वर हात जोडलेलं चित्रही टाकलं. बकुळा पर्स उचलून निघाली.

संध्याकाळी उन्नतीचा फोन आला. आधी नुसतं रडणं. मग म्हणाली, "मावशी, आई मधीच का थांबली? ती कधीच थांबायची न्हाय. तवाच तिला धाप लागत व्हती का? मना कसं कललं न्हाय? मी त्या हलदीला आलेली, पन भायेर पोरींत बसलेली. तवाच डाक्टरकडं नेली असती तर..."

तुळजा हृदयविकाराने गेली. देवेशच्या लग्नानंतर दोन वर्षांनी. आणि मी माझी लाज झाकली म्हणून तिची पोरगी आईच्या मरणाचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेत होती. "तसं नाही गं पोरी, तिला काही झालं नव्हतं," एवढं म्हणाले आणि फोन ठेवला. सांगायला तोंड कुठलं? अख्खी क्लिप पाठवली.

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. किती दिवस गेले कुणास ठाऊक, मी फोन उघडायला घाबरत होते. मग पत्रिका आली. खाली लिहिलं होतं, "मावशी, हळद लावायला तू पाहिजेस."

जाऊ नये असं फार वाटलं. गेले. दिघाशीला दारात मांडव, उन्नती पाटावर बसलेली. गावात आता धवलारीण उरलेली नव्हती. डीजेवाल्या पोराने खूण केली आणि मोठ्या बॉक्समधून तुळजा गाऊ लागली. माइक नको म्हणणारी तुळजा. बायका डोळे पुसू लागल्या. मनात म्हटलं, उन्नतीने माझा आवाज कापून घेतला असेल. देवाला हात जोडून म्हटलं.

"बास कर आता तुझं रडगाणं!" बॉक्समधून सगळ्या मांडवात मी ओरडले.

"कोन गो ती बया बोंबलतेय?" तुळजाची नणंद गुणाबाई चिडून म्हणाली. बकुळाने माझ्याकडे पाहिलं.

"मी," मी म्हणाले.

गुणाबाईने तोंड फिरवलं. क्लिप संपली होती, हळद लावायची बाकी होती. उन्नती डीजेवाल्याला म्हणाली, "परत लाव. सगल्यांची लावून होस्तवर लावत राहा."

मग प्रत्येक सवाष्णीला तुळजा पहिल्यापासून गायली आणि प्रत्येकीच्या वेळी मी तिला थांबवलं. माझी पाळी आली. मी हळदीत बोटं बुडवली, उन्नतीच्या गालाला लावली, आणि नेमकी बॉक्समधून माझीच हाक आली. माझा हात थांबला.

उन्नतीने मनगट धरलं. "थांबू नको मावशी," ती म्हणाली. "आई आता बोलंल."

तुळजा हसली. "बरं गो बाय. तुझ्या पोराची हलद हाय."