पुलाखालचा चित्रकलेचा तास

रंगाच्या दुकानात एक वस्तू आपोआप साठत जाते. तळाशी चार बोटं रंग उरलेले डबे! गिऱ्हाईक घेत नाही, आपल्याला टाकवत नाही. किस्स्यांचंही तसंच आहे. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर दोन-तीन वर्षं मी असले डबे एकाच माणसाला देत गेलो. त्या बदल्यात जे किस्से मिळाले ते अजून संपलेले नाहीत.

तो माणूस म्हणजे कांबळे मास्तर, आमच्या गावच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक. राहायला खालच्या आळीत. तिथली घरं छप्पननंतर बौद्ध झाली, पण नळ काही वरच्या पेठेतून खाली उतरला नाही. ओढ्याच्या वाळूत हातभर खड्डा करायचा आणि झिरपलेलं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरायचं. त्या खड्ड्याला झिरा म्हणतात. पेठेची सगळी घाण ओढ्यात यायची, त्यामुळे झिऱ्याला वास यायला लागला.

मास्तर दुकानात आले आणि म्हणाले, "शेठ, माझी आई तेच पाणी पिते. अर्ज करून दमलो. आता चित्रं काढतो. उरलेला रंग द्या!"

*

शनिवारचा चित्रकलेचा तास त्यांनी ओढ्यावरच्या पुलाखाली भरवायला सुरुवात केली. हेडमास्तर छत्री टेकत तिथं आले.

"कांबळे, वर्ग म्हटला की चार भिंती पाहिजेत!"

"दोन पुलाच्या आहेत, सर. उरलेल्या दोन आपण मंजूर करा."

हेडमास्तर हसले. हसले म्हणजे मंजूर, असं मास्तरांनी धरलं.

*

पहिल्या दिवशी पोरांनी ओढा काढला तो निळाशार! मागं दोन डोंगर, मधे सूर्य. मास्तरांनी कागद परत दिले. "डोंगर राहू द्या. समोर बसा आणि पाणी दिसतं तसं काढा."

सोमवारी सातवीतली एक मुलगी, शालन तिचं नाव, दुकानात येऊन उभी राहिली. "शेठ, पाण्याचा रंग द्या."

मी निळा डबा काढला. ती मान हलवून म्हणाली, "ह्यो न्हाई."

"मग कुठला?"

"तसं न्हाई सांगता यायचं. सोमवारच्या पाण्याचा सांगू का बुधवारच्या?"

वरच्या अंगाला आप्पा रंगाऱ्याचा कारखाना होता. सोमवारी तिथं लाल सूत निघायचं आणि बुधवारी हिरवं!

*

पुलाच्या कोपऱ्यावर लोक घरचा केर ओढ्यात टाकायचे. बोर्ड लावला, तर बोर्डच पळवला. तेव्हा मीच अक्कल चालवली. "मास्तर, तिथं देवी काढा. देवीसमोर कोण घाण करतंय?"

मास्तरांनी मगरीवर बसलेली कृष्णामाई काढली. काय काढली होती! केर दोन दिवसांत बंद. तिसऱ्या दिवशी हळदकुंकू आलं. आठवड्यात नारळ, हार, दुर्वा, केळीचे खांब, आणि सगळं निर्माल्य थेट ओढ्यात! पाणी तुंबून पुलाखालच्या पायरीला लागलं.

मास्तर म्हणाले, "शेठ, केर परवडला. तुमची अक्कल नको."

शेवटी मार्ग काढला मास्तरांच्या आईनं. तानाक्का म्हणायचे तिला. साठीच्या पुढची, पण आवाज खणखणीत. ती चित्राखाली मोठी बांबूची पाटी घेऊन बसली. "पाण्यात न्हाई टाकायचं! देवीला चालत न्हाई. हितं टाका." लोक मुकाट्यानं टाकायचे, वर तिच्या पाया पडायचे. ते निर्माल्य ती परसातल्या मिरचीला घालायची.

मी गमतीनं विचारलं, "तानाक्का, तुम्ही तर बौद्ध ना? मग हे पुजारीपण कसं?"

ती म्हणाली, "आवं शेठ, आमी देव सोडलं. पर देवच आमास्नी सोडंना, त्याला काय करू?"

*

पुढच्या वर्षी मास्तरांनी पोरांना उलटं चालवलं. ओढ्याला मिळणारी एकेक मोरी धरून वर जायचं, ती कुणाच्या दारातून येते ते बघायचं आणि मोरीच्या तोंडाशी भिंतीवर त्याचं चित्र काढायचं. नाव नाही, फक्त चित्र. एका मोरीवर सुताचा पिळा, एका मोरीवर भज्याची कढई आणि शेजारी एक माणूस. गाव पुलावर उभं राहून ओळखायचं आणि हसायचं.

हॉटेलवाले बापू तणतणत आले. आम्हाला वाटलं, आता मास्तरांची बदली होणार. बापूंनी कढईशेजारचा माणूस निरखून बघितला आणि ओरडले, "मास्तर, ही काय पद्धत झाली? माझी मिशी कुठाय?"

मिशी काढून दिली. आठ दिवसांत त्यांनी खरकट्यासाठी खड्डा खणला. आप्पा रंगारी जरा कुरकुरला, पण त्यानंही रंगाचं पाणी मळ्याकडच्या पडीक तळ्यात वळवलं.

पाचव्या मोरीवर नुसता एक ब्रश होता. मी शालनला विचारलं, "हा कुणाचा गं?"

ती लाजली. म्हणाली, "शेठ, तुमच्याच डब्यातल्या रंगानं काढलाय."

ब्रश धुतलेलं टर्पेंटाइन मी वीस वर्षं मोरीत ओतत होतो! त्या दिवशी एका डब्यात साठवलं. दोन दिवसांनी गाळ खाली बसला, वरचं निवळून पुन्हा वापरता आलं. धंद्यातली ही गोष्ट मला शाळकरी पोरीनं शिकवली.

*

ओढा निवळला. झिऱ्याचा वास गेला. मग पुलावर मांडव पडला आणि नगराध्यक्षांचं भाषण झालं. "बंधू-भगिनींनो, हे पाणी आता तीर्थासारखं झालेलं आहे!"

टाळ्या थांबल्या, तशी तानाक्का झिऱ्यावरून तांब्या भरून घेऊन आली आणि त्यांच्यापुढं धरला. "घ्या सायेब."

नगराध्यक्षांनी तांब्याकडं बघितलं, तानाक्काकडं बघितलं, मग लोकांकडं बघितलं. "बाई, आज माझा उपास आहे."

"उपासाला पाणी चालतंय की."

"निर्जळी आहे."

"आसं व्हय! मग कवा सुटतोय?"

"उद्या सकाळी."

"बरं," म्हणाली आणि तांब्या घेऊन गेली. मास्तर खाली मान घालून उभे होते.

माझं घर नगराध्यक्षांच्या अगदी समोर. सकाळी मी ओट्यावर मशेरी लावत उभा होतो. बघतो तर धुतलेलं लुगडं नेसून, तांब्यावर ताटली झाकून, तानाक्का त्यांच्या दारात! नगराध्यक्षांच्या मंडळींनी दार उघडलं.

"काय हो, तानाक्का?"

"सायबांचा उपास सोडायला पाणी आणलंय. झिऱ्याचं हाय."

"उपास?" वहिनी म्हणाल्या. "काल दुपारी सुक्कं मटण खाऊन ताणून दिली हुती त्यांनी!"

माझ्या तोंडात मशेरी, त्यामुळे बोलण्याचा प्रश्नच नव्हता. तानाक्का तांब्या तसाच धरून उभी राहिली.

वहिनींनी क्षणभर तिच्याकडं बघितलं. ताटली काढली, तांब्या हातात घेतला आणि उंबऱ्यातच उभ्या राहून चार घोट प्याल्या. पदरानं तोंड पुसलं आणि आत वळून मोठ्यानं हाक मारली,

"आवं, भाईर या! उपास सोडायचाय न्हवं?"