डिझेलला एकांत लागतो

गल्लीत त्यांना सगळे जनरेटरकाका म्हणत, आणि त्यांनाही ते आवडायचं. मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात त्यांनी उभं आयुष्य एका इंजिनाशेजारी काढलं. वीज गेली की ते चालू करायचं, एवढंच काम; आणि वीज तर फारशी जायचीच नाही. म्हणजे खरं काम वाट पाहण्याचं. "वाट पाहण्याचा पगार घेणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही," असं काकू म्हणायच्या. पण काका वाट पाहत तीसुद्धा डोळ्यांत तेल घालून. बॅटरीची टोकं पुसायची, टाकीच्या तळाशी साचलेलं पाणी काढायचं, इंजिनाला हात लावून ते गारठलं नाही ना बघायचं. दिवे जाणं आणि इंजिनाने सूर धरणं, या दोहोंच्या मध्ये एक श्वासभर अंधार असतो. वर कुणावर शस्त्रक्रिया चाललेली, कुणाचं बाळ काचेच्या पेटीत, आणि खाली आपण एकटे. तो श्वास काकांनी इतक्यांदा रोखून धरला होता, की झोपेतही कधीकधी धरायचे. मग काकू कोपराने ढोसून तो सोडायला लावायच्या.

पुढे रुग्णालयात आपलं आपण चालू होणारं यंत्र आलं. यंत्राला वाटही स्वतःची स्वतः पाहता येऊ लागली, तेव्हा काकांना एक भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवण्यात आलं. ते घड्याळ त्यांनी कधी लावलं नाही. त्याऐवजी भंगारातून एक छोटा जनरेटर आणला, दुरुस्त केला, आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत डिझेलचं पिंप उभं केलं.

"वीज कुठे जाते आपल्याकडे?" काकूंनी विचारलं.

"गेली तर?"

"गेली तर झोपू."

पण पिंप राहिलं. काकूंनी त्याचं नाव सवत ठेवलं. "जा, सवतीला बघून या," असं म्हणत त्या शिवणयंत्राचं चाक फिरवायच्या. शेजारपाजाऱ्यांचे कपडे शिवून आलेले चार पैसे त्यांच्या गाठीला असत आणि त्याचा हिशेब काका कधी विचारत नसत.

पहिलं वर्ष सरल्यावर काकांनी पिंपातून नमुना काढला. काचेच्या बरणीत डिझेल घेऊन खिडकीत उजेडासमोर धरलं, आणि त्यांचा चेहरा पडला. डिझेल गढूळ झालं होतं, तळाशी शेवाळासारखं काहीतरी साचलं होतं. पिंप अर्धवट भरलेलं होतं, वरच्या मोकळ्या जागेत दमट हवा शिरली होती. चूक साधी होती, पण काकांनी अंथरूण धरलं. जेवेनात, बोलेनात. "एवढंसुद्धा राखता आलं नाही मला," एवढंच म्हणत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

तिसऱ्या दिवशी काकूंनी त्यांची पिशवी भरली. "तुम्ही ढवळलंत म्हणून गढूळ दिसतंय. चार दिवस ताईकडे जाऊन या. त्याला जरा निवांत बसू दे, कुणी हात लावायचा नाही."

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण, बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर राहायची. काका गेले, कारण नाही म्हणायचीही ताकद नव्हती. काकू दारात उभ्या राहून हात हलवत होत्या, "जा, जा, बस चुकेल." परत आल्यावर काकांनी भीतभीत पुन्हा नमुना काढला. बरणीतून ऊन आरपार गेलं आणि समोरच्या भिंतीवर पिवळसर हिरवा कवडसा थरथरायला लागला. डिझेल नव्यासारखं होतं.

त्या दिवशी काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आणि त्या दिवशीच त्यांचा सिद्धांत जन्माला आला: डिझेलला एकांत लागतो.

मग काय विचारता! पिंप जमिनीवर नको, लाकडी फळ्यांवर हवं. काठोकाठ भरलेलं हवं, झाकणाचं वॉशर दरवर्षी नवं हवं, ऊन लागता कामा नये. हे सगळं बरोबरच होतं, कुणीही जाणता माणूस हेच सांगेल. पण त्यावर काकांची स्वतःची भर अशी, की वर्षातून एकदा राखणाऱ्या माणसाने त्याला सोडून चार दिवस लांब जावं आणि परत आल्यावरच नमुना काढावा. लोक ऐकायचे. कुणी तोंडावर हसायचं, कुणी पाठीमागे. पण बरणी उजेडात धरली की हसणारे गप्प व्हायचे, कारण वर्षानुवर्षांचं डिझेल मधासारखं स्वच्छ! काकू शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणायच्या, "ह्यांच्या हातालाच गुण आहे."

दुपारी काका त्या पत्र्याच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचे. पत्रा तापला की पिंप मधेच 'टक्' असं वाजायचं, संध्याकाळी निवताना पुन्हा 'टक्'. डिझेलचा जड, गोडसर वास, फटीतून आलेल्या उन्हात तरंगणारी धूळ, पलीकडून शिवणयंत्राची घरघर. अर्धवट झोपेत काकांना वाटायचं, आपण पुन्हा तळघरात आहोत, आणि ही घरघर म्हणजे लांबवर कुठेतरी आपलंच इंजिन लागलंय. सगळे दिवे आहेत, सगळी बाळं उबेत आहेत, कुणाला काही झालेलं नाही. रविवारी ते छोटा जनरेटर थोडा वेळ चालवायचे. भर दुपारी खोलीत पिवळा दिवा लागायचा, आणि काकू हातातलं काम टाकून त्या दिव्याखाली उगाच येऊन बसायच्या. एवढं सुख होतं, आणि ते सुख आहे हे दोघांनाही माहीत होतं.

मग काकू आजारी पडल्या. त्या वर्षी काका ताईकडे गेले नाहीत, नमुना काढला नाही, पिंपाकडे फिरकले नाहीत. ते पुन्हा रुग्णालयात होते, फक्त या वेळी तळघरात नाही, वरच्या मजल्यावर. दिवे एकदाही गेले नाहीत. काकू मात्र गेल्या.

पुढचं वर्ष कसं गेलं ते काकांना विचारू नये. शिवणयंत्रावर एक अर्धा शिवलेला झगा तसाच राहिला आणि कुणी तो मागायलाही आलं नाही. परगावी राहणारी लेक फोनवर म्हणायची, "बाबा, माझ्याकडे या ना." काका म्हणायचे, "पिंप आहे इथे." एका सकाळी त्यांनी बरणी धुतली, पंपाने नमुना काढला आणि खिडकीत धरला.

ऊन बरणीतच अडकलं. डिझेल कोऱ्या चहासारखं काळपट झालं होतं, वास आंबट येत होता, आणि तळाशी तेच जुनं शेवाळ.

"ढवळलं गेलं असेल," काका मोठ्याने म्हणाले, आणि बरणी तशीच ठेवून वाट पाहू लागले. वाट पाहणं तर हातचा मळ. पण दुसऱ्या दिवशी काळं, तिसऱ्या दिवशीही काळं. तेव्हा मात्र काका मोडले. एक माणूस राखता आलं नाही, निदान पिंप तरी राखू, एवढ्याच आशेवर ते रोज उठत होते. हातातला गुणच गेला, असं त्यांना वाटलं. त्यांनी लेकीला फोन करून सांगितलं, "ये मला न्यायला. इथलं सगळं संपलं."

त्याच दुपारी गल्लीच्या टोकाचा टेम्पोवाला आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारा माणूस. पण दारात उभा राहून टोपी कुस्करत होता. हवापाणी झालं, तब्येत झाली, टेम्पोच्या टायरांचंही झालं.

"ताकाला येऊन भांडं लपवू नकोस," काका म्हणाले. "काय ते बोल."

"तुम्ही यंदापण ताईंकडे गेला नाहीत, काका."

"मग?"

"नाही, म्हणजे... तुम्ही गेलात की काकू मला हाक मारायच्या. मी पिंप रिकामं करायचो, घासूनपुसून नवं डिझेल भरायचो, अगदी काठापर्यंत. जुनं गाळून माझ्या टेम्पोला. दर वर्षी." त्याने टोपी झटकली. "अळीमिळी गुपचिळी, म्हणाल्या होत्या. ह्यांना कळलं तर तुझी धडगत नाही."

काकांना आधी संताप आला. इतकी वर्षं उल्लू बनवलं! गल्लीभर आपण व्याख्यानं झोडत होतो आणि ही शिवणयंत्रामागे बसून गालात हसत होती! मग त्यांना दारात उभ्या काकू दिसल्या. हात हलवत होत्या, "जा, जा, बस चुकेल." ती घाई बसची नव्हती. काकांना हसू फुटलं, आणि हसता हसता ते असे रडले, की टेम्पोवाल्याने नुसताच त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

पिंप जपणारी ती होती. आणि पिंपाच्या आडून, काकांना.

"मग काका, बदलू का आता?" बऱ्याच वेळाने टेम्पोवाल्याने विचारलं.

काका उठून आत गेले. लेकीला फोन करून म्हणाले, "इतक्यात नको येऊस." पिशवी काढली, दोन कपडे भरले, दाराला कुलूप लावलं. मागच्या खोलीची किल्ली त्यांनी खिडकीतल्या कुंडीखाली ठेवली आणि टेम्पोवाल्याकडे न पाहता पायऱ्या उतरले.

"अहो, कुठे निघालात?"

"ताईकडे. चार दिवस."

"आणि डिझेलचं काय करू?"

"मला काय विचारतोस?" काका म्हणाले. "मी घरी कुठे आहे?"

कोपऱ्यावर पोचताच सवयीने मान वळायला लागली होती, ती त्यांनी वळू दिली नाही. मागे पत्र्याचं दार करकरलं. काकांनी ते ऐकलं नाही, कारण ते घरी नव्हते.