खिळेमामांचं दुपारचं घर

खिळेमामांना खऱ्या नावाने हाक मारली असती तर त्यांनी वळूनही बघितलं नसतं. नाटक कंपनीत बावीस वर्षं त्यांचं काम एकच: गावोगावी ट्रकमधून भिंती उतरवायच्या, रंगमंचावर घर उभं करायचं, खेळ संपला की मोडून परत ट्रकमध्ये भरायचं. लाकडाच्या चौकटी, त्यावर ताणलेलं कापड, कापडावर रंग. पण काय बिशाद कोणी ओळखेल! एक ओल आलेला कोपरा तर त्यांनी असा रंगवला होता की नटमंडळी तिथे टेकायला कचरायची.

घरी मात्र कौतुकाच्या नावाने शंख. बायको शेजारणींना सांगायची, "नाटकात आहेत म्हणे. मला तर बाई कधी कुठे दिसले नाहीत." हे मामांना फार लागायचं. वर्षातले आठ महिने राबायचं आणि बायकोच्या लेखी आपण नुसते उंडारून येतो! एकदा, फक्त एकदाच, तिने ते घर बघावं आणि "छान केलंत हो" म्हणावं, एवढीच त्यांची हौस होती.

शेवटी खेळ लागला तो त्यांच्याच गावात, भर दुपारी. मामांनी बायकोला तिसऱ्या रांगेत बसवलं आणि बजावलं, "माणसांकडे बघत बसू नकोस. भिंती बघ."

"भिंती बघायला मी एवढी नटूनथटून आले होय?"

आता हे नाट्यगृह म्हणजे काडेपेटी. दार बाहेर उघडायचं तर मागे जागाच नाही. मामांनी बिजागऱ्या फिरवल्या आणि दार आत उघडेल असं केलं. काम फक्कड झालं. फक्त हे नायिकेला सांगायचं राहून गेलं. बायको येणार या आनंदात मामांचं डोकं ठिकाणावर होतं कुठे!

दुसऱ्या अंकात नायिका नवऱ्याला सोडून निघते. बाईंनी बॅग उचलली, तरातरा गेल्या आणि दार ढकललं. दार हूं की चूं करेना. खांदा लावला, तरी नाही. इकडे नवऱ्याचं काम करणारा नट, लिहून दिलंय तेच बोलणार ना बिचारा! तो गरजला, "जा! तुला इथे कोणी अडवलेलं नाही!"

प्रेक्षक हसून लोटपोट.

दारामागे मामांना घाम फुटला. "ओढा ताई, ओढा!" ते कुजबुजले, पण त्या हशात ऐकतंय कोण? मग त्यांनी बिजागऱ्यांच्या खिळ्या उपटल्या, अख्खं दार उचललं आणि ते कवटाळून तसेच उभे राहिले, सगळ्यांसमोर. बाईंनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं, "येते हं" म्हणाल्या आणि निघून गेल्या. टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली. मामांना मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. बावीस वर्षांनी बायकोला दिसलो, आणि दिसलो तो असा!

खेळ संपल्यावर बायको मागच्या बाजूने रंगमंचावर आली. मामा मान वर करेनात.

"अहो, दार तेवढं तकलादू आहे," ती म्हणाली. "बाकी घर चांगलं ऐसपैस आहे हो. एरवी कोण राहतं इथे?"

मामा बघतच राहिले. ही थट्टा करतेय का? छे, ती अगदी मनापासून विचारत होती. त्यांनी ओल आलेल्या कोपऱ्याचे स्क्रू सोडवले आणि म्हणाले, "जरा धर."

"मी? भिंत?" तिने भीत भीत हात लावला. कापड हललं. भिंत अलगद तिच्या हातात आली.

"अगंबाई!" ती किंचाळलीच. मग भिंतीची मागची बाजू बघितली, पुढची बघितली, ओलीवरून बोट फिरवलं आणि बोट कोरडं आलेलं बघून नवऱ्याकडे बघितलं. नव्या नवरीनेही बघितलं नसेल असं.

एक हमाल भिंत घ्यायला पुढे आला.

"लांब हो," ती म्हणाली. "ह्यांनी केलीये. मी नेते."