डावीकडून दुसरा

दिलावरभाई शिकलगारांशी माझी ओळख त्यांच्या नकारापासून सुरू झाली. शाळेच्या स्मरणिकेसाठी खो-खो संघाचा जुना फोटो घेऊन मी त्यांच्या आष्ट्याच्या स्टुडिओत गेलो होतो. फोटोमागे नावे लिहिलेली होती. तशीच छापा, मी म्हणालो.

"कुणी लिवल्यात? दोन माणसांनी वेगवेगळं बसून एकच नाव सांगितल्याबिगर मी ते लावत न्हाई, मास्तर."

त्या बारा नावांसाठी आम्ही तीन गावे पालथी घातली. तेव्हापासून मी त्यांच्याबरोबर हिंडतो आहे.

वडिलांनी आणि त्यांनी काढलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह त्यांनी फेकल्या नाहीत. लग्नानंतरची जोडपी, ओसरीवर बसवलेली कुटुंबे, शाळांचे संघ. आता एकेक काढून ते चेहऱ्यांना नावे शोधतात. घरच्यांना प्रत नेऊन देतात, चहा घेतात, निघतात.

गेल्या वर्षी एका कबड्डी संघाच्या फोटोपाशी ते थांबले. शेजारी उभ्या सरांच्या सदऱ्याचा खिसा उजव्या छातीवर दिसत होता. निगेटिव्ह उलटी धरून छापलेला फोटो. फोटो काढताना स्टुडिओच्या वहीत टिपलेली नावे मात्र खऱ्या रांगेप्रमाणे डावीकडून लिहिलेली.

"छापलाय मीच," ते म्हणाले. मग वहीतल्या दुसऱ्या नावावर त्यांनी बोट ठेवले.

वहीप्रमाणे डावीकडून दुसरा मुलगा पुढे सैन्यात गेला आणि परत आला नाही. त्याचा दुसरा फोटो नव्हता. शिराळ्याहून आलेल्या त्याच्या आईला दिलावरभाईंनीच या छापील फोटोतला डावीकडून दुसरा चेहरा मोठा करून दिला होता. खरा मुलगा त्यात उजवीकडून दुसरा होता. आईची नजर तेव्हा अधू झाली होती. बहीण, भाऊ गेला तेव्हा पाच वर्षांची. इतकी वर्षे त्या घरातला हार भलत्याच मुलाला पडत होता.

"राहू द्या. आता कुणाला कळणार आहे?" मी म्हणालो.

"मला कळलंय की."

दुसऱ्या दिवशी आम्ही शिराळ्याला गेलो. बहीण, म्हणजे आक्का, आता साठीच्या. दिलावरभाईंनी आधी चूक सांगितली, मग पिशवीतून नवा फोटो काढला. आक्कांनी भिंतीकडे बोट केले.

"मग ह्यो कोण?"

"आमच्या आष्ट्याचा गडी. अजून रानात जातोय."

"आत्ता गं बया! जित्या माणसाला हार? काढा आदी!"

हार त्यांनी स्वतःच ओढून काढला. मग नवा फोटो घेऊन त्या दारातल्या उजेडात गेल्या. आमच्याकडे पाठ होती. दिलावरभाई हात जोडून उभे. त्या वेळी मला त्यांच्याकडे बघवले नाही, आणि नजर काढवलीही नाही.

"आईचं नाक हाय," आक्का म्हणाल्या. "मला कुणी सांगितलंच न्हवतं."

"माझ्या हातनं झालं, आक्का. माफी करा."

दिलावरभाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना आरोग्य लाभो, नजर अशीच तीक्ष्ण राहो. याहून चांगले मला लिहिता येत नाही. उंबऱ्यातून निघताना आक्का त्यांना म्हणाल्या ते इथे उतरवतो.

"आवं, तुमास्नी लय आयुष्य मिळू दे. अजून किती जणींचं भाऊ तुमच्याकडं पडल्यात."