धुरीच्या वासावर आलेली

हे मी आठ वर्षं घरात कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं ते अर्धंच, आईला तेवढंही नाही. आता पन्नाशी आली, लेक तिसरीत गेली, तरी घराबाहेर पडताना मी किल्ली तीनदा चाचपते आणि जिन्यावरून परत फिरते. म्हणून आज लिहून टाकते.

लग्नानंतर चौदा वर्षांनी झालेली मुलगी. इथे अमेरिकेत, मिनेसोटात, नोव्हेंबरात पडलेला बर्फ एप्रिलपर्यंत हलत नाही. तिला बाहेर न्यायचं तर टोपी, मोजे, फुगीर सूट चढवेपर्यंत ती ओलं करून ठेवायची, की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी मी बाहेर पडणंच सोडलं. नवरा सोमवारी विमानानं क्लायंटकडे जाई, गुरुवारी परते. आईला व्हिसा मिळाला नव्हता. रडणाऱ्या लेकीला कडेवर घेऊन मी खिडकी ते सिंक, सिंक ते खिडकी फेऱ्या मारत असे. येताना आईनं दिलेला अंबाबाईचा टाक मी ड्रॉवरमध्ये घालून टाकला होता. चौदा वर्षं जिच्याकडे मूल मागितलं, तिला आता हे झेपत नाही असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

जानेवारीतली सकाळ. व्हिडिओवर आईनं विचारलं, "न्हाऊ घातलंस, मग धुरी का नाही देत गं? सर्दी होणार नाही तर काय?" मी चिडून फोन ठेवला आणि चिडूनच कोळशाची वडी पेटवली. वर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकलं, जरा जास्तच. धुराचा अलार्म किंचाळायला लागला. खिडकी बर्फानं घट्ट बसलेली. धूर बाहेर जावा म्हणून दार उघडलं, बाहेर पाऊल टाकलं आणि स्प्रिंगचं दार मागे आपोआप लागलं. किल्ली आत, फोन आत, पाय उघडे. आत गादीवर लेक, शेजारी निखाऱ्याचं भांडं. आदल्याच आठवड्यात ती पालथी पडायला लागली होती.

आणि आता जे सांगितलं नव्हतं ते. दार लागलं, तसा तिचा आवाज दूर गेला, आणि मला हायसं वाटलं. मी भिंतीला टेकून डोळे मिटले. किती वेळ, ठाऊक नाही. मग भांडं आठवलं आणि मी दारावर धडका मारू लागले. त्या मजल्यावरचे सगळे कामावर गेलेले.

लिफ्ट उघडून एक उंच, पोक्त सोमाली बाई बाहेर आली. दुसऱ्या मजल्यावर आपल्या लेकीकडे निघालेली, चुकून तिसऱ्यावर उतरलेली, हे तिनंच मागाहून सांगितलं. लिफ्टचं दार मिटण्याआधी धुराचा वास आला, तो तिच्या घरच्या उदासारखा, म्हणून हेच आपल्या लेकीचं घर समजून ती पुढे आली. आतलं रडणं ऐकून तिला सगळं कळलं. लिफ्टमधल्या पाटीवरचा नंबर आपल्या फोनवरून लावून तिनं इमारतीच्या मॅनेजरला बोलावलं, स्वतःची शाल माझ्या पायांवर टाकली आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "रडू नको. गा. तुझा आवाज कुठून येतोय ते तिला कळू दे."

अलार्म तोवर थांबला होता. मला देवीच्या आरतीशिवाय काही सुचेना. दाराच्या फटीशी तोंड नेऊन मी तीच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. आतलं रडणं थांबलं, तशी मी आरती मध्येच तोडली. त्या बाईला मी सांगून टाकलं: दार लागलं तेव्हा मला बरं वाटलं होतं.

ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली. "मलाही वाटलं होतं," ती म्हणाली. "पाच मुलं झाली. पाचही वेळा." आणि चक्क हसली. "गा, थांबू नको."

मॅनेजरनं दार उघडलं. लेक पालथी पडली होती, पण भांड्याकडे नाही, दाराच्या बाजूला. मान वर करून टकाटका बघत होती. मी तिला उचलून वळले तोवर बाई खाली आपल्या लेकीकडे निघून गेली होती. काही दिवसांनी शाल परत द्यायला दुसऱ्या मजल्यावर गेले, तर ती त्याच आठवड्यात तिच्या देशी परतल्याचं कळलं.

जी धुरी मी रागानं घातली, तिच्याच वासावर ती आली. याचा अर्थ मी लावत बसत नाही. टाक त्याच दिवशी ड्रॉवरमधून बाहेर काढला. जीव अजूनही स्वस्थ नसतो. हिवाळा आला की फेऱ्या सुरूच. पण आता अंबाबाईसमोर दिवा लावताना मी चांगली आई असल्याचं सोंग आणत नाही. झेपत नाही त्या दिवशी तसंच सांगते, आणि हात जोडते.